रिम ब्रेक की डिस्क ब्रेक: रोडबाईकचा ब्रेक निवडणे, बसवणे आणि सांभाळणे

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाटाचा रस्ता सुमारे ४० किलोमीटरांचा आहे आणि तेवढ्या अंतरात सायकलस्वार तेराशे मीटरांच्या आसपास खाली येतो. स्वार, सायकल, पाण्याच्या बाटल्या आणि सीटमागची पिशवी असे मिळून ८५ किलो वजन धरले, तर या उतारावर सुमारे १,०८० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. एवढ्या उष्णतेवर तीन लिटरांहून अधिक पाणी उकळीला येते. तिचा मोठा वाटा वारा खातो, थोडी टायरच्या घर्षणात जाते आणि उरलेली सगळी ब्रेकला पचवावी लागते. गंमत अशी की जो सफाईने आणि वेगाने उतरतो त्याचे काम वारा हलके करतो, तर जो धास्तावून लिव्हर सतत आवळत ताशी १५ किलोमीटरने उतरतो, त्याच्या ब्रेकवर जवळजवळ संपूर्ण भार येतो. म्हणजे सर्वांत भरवशाचा ब्रेक नवशिक्याला लागतो, आणि नेमकी त्याचीच सायकल बहुधा सर्वांत स्वस्त असते.

रिम ब्रेक चांगला की डिस्क ब्रेक, हा प्रश्न रोडबाईक घेणारा प्रत्येकजण विचारतो आणि त्याला बहुधा एका शब्दात उत्तर हवे असते. माझे उत्तर एका शब्दात मावत नाही, पण ते शेवटपर्यंत राखून ठेवण्याचेही कारण नाही. नवी सायकल घ्यायची असेल आणि खिशाला झेपत असेल तर हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारा, डिस्क ब्रेक घ्यावा. हाताशी चांगल्या रिम ब्रेकची सायकल असेल तर केवळ ब्रेकपायी ती विकू नये. आणि कमी किमतीच्या सायकलीत ‘डिस्क आहे’ एवढ्याच कारणाने केबलवर चालणारा हलक्या प्रतीचा डिस्क ब्रेक पसंत करू नये, कारण नीट जुळवलेला ड्युअल पिव्हट (दोन खिळ्यांवर फिरणारा) रिम ब्रेक त्याच्याहून पुष्कळदा सरस ठरतो. हा तिसरा मुद्दा दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

चाक कुठे धरायचे

रिम ब्रेकमध्ये रबराचे दोन गुटके चाकाच्या कडेवर दोन्ही बाजूंनी दाबले जातात. रोडबाईकच्या ७०० सी चाकाच्या रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ६२२ मिलिमीटर असतो. तेव्हा रिम ही स्वतःच एक भलीमोठी डिस्क आहे असे म्हणता येईल. उलट रोडबाईकच्या डिस्क ब्रेकचा रोटर, म्हणजे चाकाच्या मध्याशी बसवलेली आणि दोन पॅडनी पकडली जाणारी धातूची चकती, १४० किंवा १६० मिलिमीटर व्यासाचा असतो. चाक जितके मध्याजवळ धरावे तितका जोर अधिक लागतो, हे जाते ओढलेल्या माणसाला सांगायला नको. चाकावर सारखाच रोध आणायचा तर डिस्कच्या पॅडना रिमच्या गुटक्यांच्या जवळजवळ चौपट बलाने पकडावे लागते.

हे बल दोन बोटांतून आणायचे म्हणजे मध्ये चांगली यंत्रणा हवी. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये लिव्हरजवळच्या लहान पिस्टनने ढकललेले तेल कॅलिपरमधील, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यामधील, मोठ्या पिस्टनांवर दाब देते. तेल आकसत नाही, नळीत घर्षण जवळजवळ नसते, आणि बोटाने दिलेला जोर वाढून पॅडपर्यंत पोहोचतो. केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये हेच काम तारेने करायचे असते. तार थोडी ताणते, तिचे बाहेरचे आवरण थोडे दबते, प्रत्येक वळणावर थोडे घर्षण होते आणि शेवटी पॅडपर्यंत पोहोचतो तो जोर पुरेसा उरत नाही. त्यातच स्वस्त कॅलिपरमध्ये एकाच बाजूचे पॅड हलते आणि ते रोटरला वाकवून दुसऱ्या, स्थिर पॅडवर टेकवते. टीआरपी स्पायरसारख्या कॅलिपरमध्ये दोन्ही पॅड हलतात आणि तो ब्रेक खरोखर चांगला आहे; परंतु सुरुवातीच्या किमतीच्या सायकलींवर तो क्वचितच आढळतो.

आता थांबण्याच्या अंतराकडे पाहू. कोरड्या डांबरी रस्त्यावर रोडबाईक किती जोरात थांबू शकते याची मर्यादा ब्रेक ठरवत नाही. पुढचा ब्रेक फार जोरात दाबला तर मागचे चाक उचलले जाते आणि स्वार हँडलवरून पुढे पडतो. वेग घटण्याच्या दरात मोजली तर ही सीमा साधारणपणे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या सहा दशांशाच्या आसपास येते. त्या हिशेबाने ताशी ४० किलोमीटर वेगावरून सायकल थांबायला सुमारे साडेदहा मीटर लागतात, आणि चांगला रिम ब्रेकही ही सीमा सहज गाठतो. म्हणून कोरड्या दिवशी सपाट रस्त्यावर डिस्क ब्रेकने सायकल निम्म्या अंतरात थांबते, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. फरक पडतो तो बोटांना द्याव्या लागणाऱ्या जोरात आणि तो जोर कमी-जास्त करण्याच्या बारकाईत.

पावसात चित्र पालटते. ओल्या रिमवर पाण्याचा थर असतो आणि गुटक्यांना आधी तो पुसून काढावा लागतो. चाकाचा एक फेरा सुमारे २.१ मीटरांचा, आणि पाणी पुसायला काही फेरे जातात. ताशी ४० किलोमीटर वेगात सायकल सेकंदाला ११ मीटर जाते, तेव्हा ब्रेक पकडायला एक सेकंद उशीर झाला तरी कोरड्या दिवसाच्या संपूर्ण थांबण्याच्या अंतराइतका रस्ता मागे पडलेला असतो. डिस्कचा रोटर जमिनीपासून उंच असतो, पॅड त्याच्या अगदी जवळ असतात आणि रोटरवरील भोकांमुळे पाणी लवकर झटकले जाते. त्यामुळे ओल्यातही ब्रेक जवळजवळ लगेच पकडतो. टायर ओल्या रस्त्यावर घसरण्याचा धोका मात्र तसाच राहतो, किंबहुना चाक अडकवणे सोपे झाल्यामुळे बेफिकीर हाताला तो वाढतोच.

आधी आपले रस्ते आणि आपली सायकल तपासावी

निवड करण्यापूर्वी काही गोष्टी प्रामाणिकपणे ठरवाव्या लागतात. जून ते सप्टेंबर या काळात आपण सायकल खरोखर बाहेर काढतो, की ती भिंतीला टेकून असते? आठवड्याला सिंहगड, पसरणी किंवा वरंध असा एखादा घाट असतो, की नेहमीचा फेरा सपाट महामार्गावरचा आहे? आपले आणि सामानाचे वजन किती? आणि सायकल बिघडली तर ती दुरुस्त करणारा कोण? पुण्या-मुंबईत हायड्रॉलिक ब्रेक ब्लीड करून, म्हणजे नळीतील हवा काढून तेल भरून, देणारे मेकॅनिक मिळतात. महाडच्या किंवा लांज्याच्या बाजारात ब्रेकची तार मिळेल, मिनरल ऑइल (अनेक हायड्रॉलिक ब्रेकमधले तेल) आणि ब्लीडिंगचे साहित्य मिळेलच असे नाही. २०० ते ६०० किलोमीटरांच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या) करणाऱ्यांनी या शेवटच्या प्रश्नावर अधिक विचार करावा. अर्थात हायड्रॉलिक ब्रेक वाटेत बंद पडण्याचे प्रसंग विरळाच असतात, हेही तितकेच खरे.

रिम ब्रेकच्या सायकलीला नंतर डिस्क बसवता येत नाही, हे अनेकांना उशिरा कळते. डिस्क कॅलिपरसाठी फ्रेम आणि फोर्क यांवर मुळातच जागा घडवलेली असावी लागते, आणि ब्रेकचा ताण एका बाजूला येत असल्यामुळे त्या बाजूची नळीही तितकी भक्कम लागते. चाकेही बदलतात. रिम ब्रेकच्या सायकलींत पुढचे हब (चाकाचा मधला भाग) १०० आणि मागचे १३० मिलिमीटर रुंदीचे असून ते क्विक रिलीजने, म्हणजे खटक्याने आवळणाऱ्या बारीक दांड्याने, बसते. आजच्या डिस्क सायकलींत १२ मिलिमीटर जाडीचा थ्रू ॲक्सल (हबमधून आरपार जाणारा आस) असतो आणि रुंदी पुढे १००, मागे १४२ मिलिमीटर असते. त्यामुळे एका सायकलीची जपून ठेवलेली महागडी चाके दुसरीला उपयोगी पडत नाहीत. बदलायची तर सायकलच बदलावी लागते, आणि त्या खर्चाच्या एका छोट्या भागात जुन्या रिम ब्रेकला उत्तम गुटके, नव्या तारा आणि नवे आवरण घालून तो पुष्कळ सुधारता येतो.

टायरच्या रुंदीचाही विचार हवा. रोडबाईकचा नेहमीचा रिम कॅलिपर २५, फार तर २८ मिलिमीटरच्या टायरला जागा देतो. डिस्कमध्ये टायरच्या डोक्यावर कॅलिपर नसल्यामुळे ३२ आणि काही फ्रेमवर त्याहून रुंद टायर मावतात. आपल्याकडच्या खड्ड्यांच्या आणि खडीच्या रस्त्यांवर मला तरी हा डिस्क सायकलीचा सर्वांत मोठा फायदा वाटतो, ब्रेकहूनही मोठा. आरा तुटून चाक आउट, म्हणजे वाकडे, झाले तरी डिस्क ब्रेकवर त्याचा परिणाम होत नाही, हा दुसरा. तोट्याच्या बाजूला वजन येते: तशाच सायकलीपेक्षा डिस्कची सायकल साधारण ३०० ते ५०० ग्रॅमने जड भरते. शर्यतीत चढावर हे वजन मोजले जाते. शनिवारच्या सकाळी भज्यांच्या थांब्यापर्यंत जाणाऱ्यांनी ते मोजू नये.

कार्बनच्या रिम आणि रिम ब्रेक ही जोडी मात्र घाटात टाळावी. कार्बन उष्णता लवकर पसरवत नाही. लांब उतारावर सतत ब्रेक लावला की कडेचा थोडासा भाग फार तापतो, रिमची राळ मऊ पडू शकते आणि आतील ट्यूब फुटू शकते. अशी चाके असलीच तर त्यांच्यासाठी बनवलेलेच गुटके वापरावेत आणि ॲल्युमिनियमच्या रिमवर वापरलेले गुटके त्यांवर कधीही लावू नयेत, कारण रबरात रुतलेले धातूचे कण कार्बनची कड खरवडतात.

शर्यतीच्या जगात हा बदल आपल्याला आज वाटतो तितक्या सहज झाला नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०१५ मध्ये रस्त्यावरच्या व्यावसायिक शर्यतींत डिस्कची चाचणी सुरू केली. २०१६ च्या पॅरिस–रूबे शर्यतीत स्पेनच्या फ्रान्सिस्को व्हेंतोसोच्या पायाला मोठी जखम झाली आणि ती रोटरने झाल्याचे त्याने सांगितल्यावर चाचणी थांबवली गेली; जखम खरोखर रोटरचीच होती का यावर तेव्हा बराच वाद झाला. रोटरच्या कडा गोल करण्याच्या अटीवर चाचणी पुन्हा सुरू झाली आणि १ जुलै २०१८ पासून डिस्कला पूर्ण मान्यता मिळाली. तरीही तादेय पोगाचारने २०२० चा टूर द फ्रान्स रिम ब्रेकच्या सायकलीवर जिंकला. बाजाराचा कल मात्र ठरून गेला आहे: शिमानो कंपनीची १०५ ही गिअर-ब्रेकच्या भागांची मधल्या दर्जाची मालिका २०२२ मध्ये १२ स्पीडची (मागे १२ गिअरची) झाली ती केवळ डिस्कसाठीच. जुन्या रिम ब्रेकचे गुटके आणि तारा अजून बरीच वर्षे मिळतील. उत्तम प्रतीच्या नव्या रिम मात्र वर्षागणिक कमी होत जातील.

रिम ब्रेक जुळवताना

सुरुवात चाकापासून करावी. सायकल उलटी करून किंवा स्टँडवर लावून चाक फिरवावे आणि रिम गुटक्यांपाशी डावी-उजवीकडे डोलते का ते पाहावे. चाक आउट असेल तर आधी मेकॅनिककडून आउट काढून घ्यावा. वाकड्या चाकावर ब्रेक जुळवण्यात वेळ फुकट जातो. मग रिमची कड बोटाने चाचपावी. बहुतेक ॲल्युमिनियमच्या रिमवर झीज दाखवणारी बारीक चर किंवा लहानसा खड्डा असतो. तो दिसेनासा झाला असेल, किंवा कड मधोमध खोलगट लागत असेल, तर रिम बदलण्याची वेळ आली आहे. झिजलेली रिम टायरच्या हवेच्या दाबाने चालत्या सायकलीत फुटू शकते, म्हणून ‘आणखी एक पावसाळा काढू’ हा विचार इथे करू नये.

रिम धड असेल तर ती स्वच्छ कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. गुटके काढून त्यांचा पृष्ठभाग उजेडात धरावा. त्यात चमकणारे ॲल्युमिनियमचे कण किंवा वाळूचे दाणे रुतलेले दिसले तर ते सुईच्या टोकाने काढावेत आणि चकाकी आलेले रबर पॉलिश पेपरवर हलके घासावे. नवे गुटके घ्यायचे असतील तर पावसासाठी मऊ मिश्रणाचे घ्यावेत. कूल-स्टॉपचे गुलाबी-केशरी झाक असलेले गुटके ओल्या रस्त्यासाठी फार वर्षांपासून नावाजलेले आहेत. सायकलसोबत आलेले कडक गुटके काढून असे चांगले गुटके लावणे हा स्वस्तातला सर्वांत परिणामकारक बदल आहे.

गुटका बसवताना तो रिमच्या कडेवर पूर्ण टेकला पाहिजे. तो वर सरकला तर टायर कापतो, खाली गेला तर आऱ्यांच्या बाजूला रबराची धार उरते आणि ब्रेक अचानक निसटू शकतो. बाण किंवा दिशा दाखवलेली असेल तर ती चाक फिरण्याच्या दिशेने ठेवावी. ज्या गुटक्याच्या खाचेत रबर मागून सरकवलेले असते त्याची बंद बाजू पुढे यायला हवी, नाहीतर जोरात ब्रेक लागला की रबर खाचेतून बाहेर जाते. ब्रेक कुरकुरत असेल तर गुटक्याचे पुढचे टोक मागच्यापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर आधी टेकेल असा किंचित तिरपा बसवावा. त्यासाठी मागच्या टोकाखाली जाड कागदाची घडी धरून बोल्ट आवळला की काम सोपे होते. हा बोल्ट ५ ते ७ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचे माप) इतकाच आवळावा.

तार लावताना दोन्ही बाजूंना गुटका आणि रिम यांच्यात दीड-दोन मिलिमीटर फट राहील एवढा ताण द्यावा आणि कॅलिपर रिमच्या मधोमध येईल असा वळवावा. रोडबाईकच्या लिव्हरला लागणाऱ्या तारेचे डोके नासपतीच्या आकाराचे असते. माउंटन बाईकच्या आणि साध्या सायकलीच्या तारेचे डोके वेगळे असून ते लिव्हरमध्ये नीट बसत नाही. गावातल्या दुकानात बहुधा दुसरीच मिळते, म्हणून योग्य डोक्याची एक तार सीटखालच्या पिशवीत गुंडाळून ठेवावी. नवी तार सुरुवातीच्या काही दिवसांत थोडी बसते; तेव्हा कॅलिपरवरचा बॅरल ॲडजस्टर (तारेचा ताण बदलणारा स्क्रू) एक-दोन फेरे बाहेर काढला की झाले.

डिस्क ब्रेक जुळवताना

डिस्कचे काम कमी वेळा करावे लागते, पण ते स्वच्छ हातांनी करावे लागते. रोटर आणि पॅड यांना तेलकट बोटाचा स्पर्शही चालत नाही. रोटर सेंटरलॉक पद्धतीचा असेल तर त्याची रिंग सुमारे ४० न्यूटन-मीटर आवळावी लागते. सहा बोल्टांचा असेल तर बोल्ट समोरासमोर, ताऱ्याच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत. रोटर अल्कोहोलने पुसल्यानंतरच पॅड बसवावेत.

चाक लावल्यावर रोटर पॅडला घासून ‘सर्र सर्र’ आवाज करत असेल तर कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल करावेत, लिव्हर घट्ट दाबून धरावा म्हणजे कॅलिपर आपोआप रोटरवर मध्यभागी येतो, आणि लिव्हर दाबलेला असतानाच बोल्ट आलटून पालटून ६ ते ८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. तरी आवाज राहिला तर मागे पांढरा कागद धरून फटीतून पाहावे आणि कॅलिपर हाताने केसभर सरकवावा. आवाज चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी येत असेल तर कॅलिपरचा दोष नसून रोटर वाकला आहे. तो रोटर सरळ करण्याच्या खाचेच्या पान्ह्याने हळूहळू सरळ करता येतो, परंतु घाट उतरून आल्याबरोबर त्याला हात लावू नये, कारण हात भाजण्याइतका तो तापलेला असतो.

केबलच्या डिस्क ब्रेकवाल्यांनी एक बदल अवश्य करावा: साध्या आवरणाऐवजी न दबणारे, म्हणजे आतील तारा लांबीच्या दिशेने असलेले आवरण ब्रेकसाठी घ्यावे. लिव्हरचा स्पंजासारखा मऊपणा बराच कमी होतो. ज्या कॅलिपरमध्ये एकच पॅड हलते, त्यातील स्थिर पॅड स्क्रूने रोटरच्या अगदी जवळ आणून ठेवावे, आणि पॅड झिजतील तसतसे दोन्ही बाजूंनी आत घेत राहावे. हायड्रॉलिक ब्रेक हे काम स्वतःच करतो, केबलचा करत नाही. नुसती तार ताणत राहिले तर कॅलिपरचा हात शेवटच्या टोकापर्यंत फिरतो आणि ऐन उतारावर ब्रेक उरत नाही.

नवे पॅड किंवा नवा रोटर बसवला की ते एकमेकांना सरावले पाहिजेत. त्यासाठी वाहतूक नसलेल्या सपाट किंवा किंचित उताराच्या रस्त्यावर ताशी २० ते २५ किलोमीटर वेग घेऊन एका ब्रेकने सायकल चालण्याच्या गतीपर्यंत आणावी, पूर्ण थांबवू नये, आणि हे प्रत्येक ब्रेकसाठी १५ ते २० वेळा करावे. पॅडचा पातळ थर रोटरवर सारखा बसतो आणि ब्रेकचा जोर वाढत गेलेला हातालाच जाणवतो. दुकानातून नवी सायकल घेऊन थेट घाटाकडे निघालेले आणि ‘डिस्क पकडतच नाही’ म्हणून परतलेले स्वार मी पाहिले आहेत. त्यांच्या ब्रेकमध्ये काहीही बिघाड नव्हता.

पॅड दोन प्रकारचे असतात. रेझिनचे पॅड शांत असतात, लगेच पकडतात आणि रोटरला कमी झिजवतात, पण चिखलात लवकर संपतात; धातूमिश्रित पॅड जास्त टिकतात आणि उष्णता सोसतात, मात्र आवाज करतात आणि काही स्वस्त रोटरांवर ‘फक्त रेझिन’ असे कोरलेले असते तिथे ते लावता येत नाहीत. शिमानोच्या मोजमापांप्रमाणे पॅडवरील घर्षणाचा थर ०.५ मिलिमीटर उरला की पॅड आणि १.८ मिलिमीटरचा रोटर १.५ मिलिमीटरपर्यंत उतरला की रोटर बदलायचा असतो.

तेलाच्या बाबतीत चूक परवडत नाही. शिमानो आणि कॅम्पाग्नोलो मिनरल ऑइल वापरतात, तर स्रॅमच्या रोडबाईकच्या ब्रेकमध्ये सहसा डॉट प्रकारचे द्रव असते. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतील रबरी सील फुगून किंवा कुजून ब्रेक निकामी होतो, आणि डॉट द्रव फ्रेमच्या रंगालाही खाते. लिव्हर हँडलला टेकेपर्यंत आत येत असेल, किंवा दोन-तीनदा दाबल्यावरच कडक होत असेल, तर नळीत हवा शिरली आहे. ब्लीड केल्याशिवाय त्या सायकलीवर घाट उतरू नये.

पावसाळ्यातील निगा

जुलैत एकदा प्रतापगडाच्या फाट्यापाशी थांबून मी रिमवर बोट फिरवले तेव्हा बोटावर जांभ्याच्या लाल मातीचा आणि ॲल्युमिनियमच्या काळ्या भुकटीचा गिलावा आला. तो गिलावा म्हणजे पॉलिश पेपरच. कोरड्या हवेत काही वर्षे टिकणारी रिम अशा दोन-तीन पावसाळ्यांत संपते. म्हणून रिम ब्रेकवाल्यांनी पावसातून आल्यावर त्याच दिवशी रिम आणि गुटके साध्या पाण्याने धुवावेत, आणि ज्यांच्याकडे महागडी चाके आहेत त्यांनी पावसाळ्यापुरती साधी ॲल्युमिनियमची चाके वापरावीत. डिस्कमध्ये ही झीज स्वस्तात बदलता येणाऱ्या पॅडवर आणि रोटरवर येते, आणि माझ्या लेखी पावसात सायकल चालवणाऱ्यासाठी हाच निर्णायक मुद्दा आहे.

डिस्कचा शत्रू पाणी नसून तेल आहे. साखळीला तेल देताना ते थेंबाथेंबाने द्यावे. फवारा मारला तर त्याचे कण मागच्या रोटरवर हमखास जातात आणि दुसऱ्या दिवशी ब्रेक किंचाळू लागतो. गाड्या धुण्याच्या केंद्रात सायकल दिली तर ‘चमक येण्यासाठी’ टायरवर आणि कधीकधी रोटरवरही पॉलिश मारले जाते. ते स्पष्टपणे नको म्हणून सांगावे. रोटर तेलकट झाला तर तो अल्कोहोलने पुसून वाचतो. पॅड मात्र तेल पिऊन घेतात; वरचा थर पॉलिश पेपरवर घासून पाहावा, जमले तर ठीक, नाहीतर नवे घ्यावेत. ते गॅसवर भाजून तेल जाळण्याचा उपाय काहीजण सांगतात, पण त्याने पॅडचा थर धातूच्या पत्र्यापासून सुटू शकतो.

घाट उतरताना

ब्रेक कोणताही असो, कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा हे आधी तपासावे. आपल्याकडे मोटारसायकलीप्रमाणे उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकचा असतो. अमेरिकेतून आणि युरोपातील बऱ्याच देशांतून आणलेल्या सायकलींना डावा पुढचा असतो. परदेशातील नातेवाइकांकडून आलेली सायकल घेणाऱ्यांनी हे पहिल्या फेरीआधी पाहावे. रिम ब्रेकमध्ये तारा अदलाबदल करणे अर्ध्या तासाचे काम आहे. हायड्रॉलिकमध्ये नळ्या सोडवाव्या लागतात आणि पुन्हा ब्लीड करावे लागते.

हात हँडलच्या खालच्या वळणात ठेवावेत, कारण तिथून लिव्हरला जोर चांगला मिळतो. वळणात शिरण्याआधी, सायकल सरळ असतानाच वेग कमी करावा, दोन्ही ब्रेक वापरावेत, पण थांबण्याचे मुख्य काम पुढच्या ब्रेककडून घ्यावे आणि वजन मागे सारावे. सतत हलका ब्रेक लावून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ जोरात लावून सोडून द्यावा. मधल्या काळात रिम किंवा रोटर वाऱ्याने निवतो. पावसात रिम ब्रेकवाल्यांनी वळण येण्याच्या बरेच आधी लिव्हर हलका दाबून रिम पुसून घ्यावी आणि मगच खरा ब्रेक लावावा. डिस्क आणि रिम असे दोन्ही प्रकारचे स्वार एका गटात उतरत असतील तर रिमवाल्याने डिस्कवाल्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहू नये, कारण पुढचा ओल्या रस्त्यावर आधी थांबेल.

वाटेत आणि प्रवासात

आरा तुटून रिम गुटक्याला घासू लागली तर कॅलिपरवरचा छोटा खटका उघडावा. गुटके दूर होतात आणि सायकल घरापर्यंत जाते, मात्र त्या ब्रेकचा जोर घटलेला असतो हे लक्षात ठेवून हळू यावे. तार तुटली आणि दुसरी नसेल तर एका ब्रेकने घाट उतरण्याचा विचार सोडून टेम्पोला हात करावा. डिस्कमध्ये पॅड संपून धातू धातूला घासू लागल्याचा कर्कश आवाज आला तरी हेच करावे. पॅडची एक जोडी काडेपेटीपेक्षाही कमी जागा घेते, तेव्हा ती सोबत असावी.

सायकल गाडीत किंवा रेल्वेत नेताना चाक काढले की डिस्क कॅलिपरच्या फटीत प्लास्टिकचा तुकडा घालावा. तो सायकलसोबत मिळतो आणि बहुधा पहिल्याच दिवशी खोक्याबरोबर फेकला जातो. नसेल तर जाड पुठ्ठ्याची घडीही चालते. रोटर नसताना कोणी गंमत म्हणून लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत आत जात नाही. तसे झालेच तर पॅड काढून प्लास्टिकच्या टायर लिव्हरने दोन्ही पिस्टन सावकाश आणि सरळ मागे ढकलावेत. पॅड तसेच ठेवून स्क्रू ड्रायव्हरने ते फाकवण्याचा प्रयत्न करू नये, कारण पॅडचा थर तिथेच चिरतो. विमानप्रवासासाठी खोक्यात भरताना रोटर चाकावरून काढून कपड्यांच्या मध्ये ठेवावेत, आणि पोहोचल्यावर पुन्हा बसवण्याआधी अल्कोहोलने पुसावेत.